कापडी कयाकला वॉटरप्रूफ लेप कोणता लावावा?

महीकाठ | २ नोव्हेंबर

मंडळी, बडोद्याहून लिहितोय. गेल्या दिवाळीपासून घराच्या गच्चीवर १४ फुटी कयाकचा सांगाडा बांधत होतो, तो परवा पुरा झाला. लांब पट्ट्या पाइनच्या. फासळ्या बांबूच्या, वाफ देऊन वाकवलेल्या. सगळे सांधे मेणाच्या दोऱ्याने बांधलेत, खिळा एकही नाही. दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवता येईल इतका हलका झालाय. आता त्यावर कापड चढवायचं आणि कापडाला लेप द्यायचा.

गाडी इथेच अडलीय. सुरतेहून ८४० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन ८ मीटर आणलं. आधी एका चौकटीवर तुकडा ताणून दोन हात ऑइल पेंट मारला. तीन दिवस वाळू दिला. वरून झकास दिसत होता, पण नखाने कोपरा उचलला तर उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा अख्खा रंग निघून आला, खाली कापड कोरंच्या कोरं.

तर प्रश्न असा: नायलॉनवर नक्की काय टिकतं? ऑइल पेंट, दोन डबे मिसळून लावतात ते पीयू (पॉलियुरेथेन), एपॉक्सी, की गच्चीला लावतात ते वॉटरप्रूफिंग? ज्यांनी स्वतःच्या हाताने काही केलंय त्यांनी लिहा. नाव मही नदीत, सिंधरोटच्या आसपास चालवायची आहे. तिथे रेती आणि गोटे दोन्ही आहेत.

देवगडचा | २ नोव्हेंबर

पहिला नंबर! भाऊ, आधी फोटो टाक. सांगाडा बघितल्याशिवाय सल्ला नाही.

आमच्याकडे लाकडी होडीला पूर्वी माशाचं तेल आणि काजूच्या टरफलाचं तेल चोपडायचे. टरफलाच्या तेलाने हाताची साल जाते, तेव्हा ते काम सगळ्यांनी करायचं नाही असा घरचा दंडक होता. पण ते लाकडाचं. कापडावर मी काही केलेलं नाही, म्हणून गप्प बसून वाचतो.

दांडियाबाजार | २ नोव्हेंबर

अरे वा, आपल्या बडोद्यात कयाक! कुठेही चालव, फक्त विश्वामित्रीत घालू नकोस. तिथल्या मगरी पुराच्या पाण्याबरोबर लोकांच्या ओटल्यापर्यंत येतात. तू तर त्यांच्या अंगणातच जाशील.

मुद्द्याचं: आमच्या गच्चीला चार वर्षांपूर्वी पांढरं ॲक्रिलिक कोटिंग मारलं, एक थेंब गळत नाही. ते रबरासारखं ताणलं जातं. स्वस्त आहे, वास नाही, ब्रश पाण्याने धुता येतो. मला तर तेच बरं वाटतं.

सियागंजवाला | ३ नोव्हेंबर

इंदूरहून राम राम. दांडियाबाजार, गच्चीवरचं पाणी उताराने वाहून जातं. नाव तासन्‌तास पाण्यात बसते. दोन्हींत फरक आहे. आमच्या दुकानात येणाऱ्या ठेकेदारांना आम्ही हेच सांगतो की ज्या गच्चीवर पाणी तुंबतं तिथे साधं ॲक्रिलिक मारू नका. सतत ओलं राहिलं की ते मऊ पडतं आणि पापुद्रा सुटतो.

माझं म्हणणं, एवढा खटाटोप करायचाच कशाला? ट्रकवर टाकतात ती पीव्हीसीची ताडपत्री घ्या. आत पॉलिस्टरचं कापड, दोन्ही बाजूंनी पीव्हीसी, कारखान्यातूनच वॉटरप्रूफ होऊन येते. फ्लेक्सचे बोर्ड बनवणारे गरम हवेच्या मशिनने जोड मारून देतात. घडीच्या कयाकला असलंच कापड असतं.

महीकाठ | ३ नोव्हेंबर

@सियागंजवाला, ताडपत्रीचा विचार केला होता. दोन अडचणी आहेत. वजन दुपटीच्या वर जातं. आणि कयाक दोन्ही टोकांना निमुळती होत जाते, शिवाय बुडाला बाक. नायलॉन तिरपं ओढलं की त्या बाकावर बसतं. ताडपत्री ताण घेतच नाही, टोकाशी चुण्या पडतात. एक जुना तुकडा सांगाड्यावर टाकून बघितला, पिशवी घातल्यासारखं दिसत होतं.

सुईदोरा | ३ नोव्हेंबर

वाचतेय. मला नावेतलं काही कळत नाही, पण कापडातलं कळतं. चुण्या पडतात तिथे पाकळ्या काढून शिवता येतं, पण प्रत्येक शिवण म्हणजे सुईची शंभर भोकं. म्हणून जितकी शिवण कमी तितकं बरं. महीकाठ, तुझं बरोबर आहे.

लष्करकर | ४ नोव्हेंबर

ग्वाल्हेरहून लिहितो. मी २०१६ साली कॅनव्हासची कनू (वरून उघडी, वल्ह्याची नाव) बांधली, परवानगी काढून तिघरा धरणाच्या पाण्यात चालवली, अजून शाबूत आहे. म्हणून थोडं विस्ताराने.

आमची पद्धत जुनी. अमेरिकेत मेन प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला भूर्जाच्या सालीच्या नावा मागे पडल्या आणि लाकडी पट्ट्यांवर सुती कॅनव्हास ताणायला लागले. त्या कॅनव्हासच्या विणीतली भोकं बुजवायला अळशीचं तेल, बारीक सिलिका पावडर आणि इनॅमल (चकचकीत ऑइल पेंट) यांचं मिश्रण घासून जिरवायचं. मग तीन-चार आठवडे काही करायचं नाही, फक्त थांबायचं. मग पॉलिश पेपर, आणि त्यावर इनॅमल. सुताच्या धाग्याला केसाळपणा असतो, तेल आत शिरतं आणि वाळलं की आतूनच धरून बसतं. नायलॉनचा धागा काचेसारखा गुळगुळीत, तिथे तेलाला पकडायला काही नाही. तुझा रंग त्यामुळे सुटला असावा.

मी हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड अळशीचं तेल वापरलं, महाराष्ट्रातले रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते. नाव जड झाली हे खरं, दोघांना उचलावी लागते. पण खरचटलं की तिथेच थोडं इनॅमल लावायचं, काम झालं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. मी टाकल्या होत्या. मे महिना, दुपारचे चार, शेडमध्ये कोणी नाही. बायको पाणी घालायला गेली तर तिला जळकट वास आला. चिंध्यांचा बोळा आतून काळा पडलेला आणि धूर निघत होता. काडी कोणी लावली नव्हती. अळशीचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि आग लागते. तेव्हापासून प्रत्येक चिंधी दोरीवर पसरून वाळवतो, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाकतो.

सुईदोरा | ४ नोव्हेंबर

बाप रे. आमच्याकडे दारांना बेलतेल लावून झालं की फडकी अशीच गुंडाळून जिन्याखाली जातात. आजच काढते.

पतंगबाज | ४ नोव्हेंबर

लष्करकर, जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मी शाळेत एनसीसीत एअरोमॉडेलिंग केलंय. पंखावर टिशू कागद चिकटवून वरून डोप, म्हणजे पातळ वार्निशसारखं द्रावण, मारायचो. वाळताना कागद ढोलकीच्या पानासारखा ताणला जायचा. पहिल्या महायुद्धातली विमानंसुद्धा अशीच, लिननवर डोप. ते चालणार नाही का कयाकला?

कलाभवनी | ५ नोव्हेंबर

पतंगबाज, डोप आकसतो तो सुती आणि लिननच्या धाग्याला धरून. नायलॉनला तो नीट पकडत नाही. शिवाय नायट्रेट डोप फार ज्वालाग्राही असतो, आणि वर्षं जातात तसा कडक होऊन तडकतो. गोट्यावर आपटणाऱ्या वस्तूला नको.

आता महीकाठ यांच्यासाठी. मी कलाभवनात टेक्स्टाइल केमिस्ट्री शिकलो आणि पुढची चाळीस वर्षं प्रोसेस हाउसमध्ये (कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात) गेली, म्हणून मला लेपाच्या आधी कापडाबद्दल विचारायचं आहे. तुम्ही आणलेलं कापड बॅगा शिवणाऱ्यांसाठीचं आहे का? एक काम करा. कापड सपाट टेबलावर ठेवा आणि दोन्ही बाजूंना पाण्याचा एकेक थेंब टाका. पाच मिनिटांनी काय दिसतं ते इथे लिहा. तोपर्यंत कुठलाही लेप विकत घेऊ नका.

महीकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री

काका, थेंब टाकला. एका बाजूला अळवाच्या पानावर राहतो तसा गोल उभा राहिला. कापड तिरकं केलं तर घरंगळत खाली गेला, मागे ओल नाही. दुसऱ्या बाजूला हात लावला तर जरा रबरी लागतं. हे आधी लक्षातच आलं नव्हतं. हो, दुकानदार बॅगवाल्यांनाच माल देतो.

कलाभवनी | ६ नोव्हेंबर

झालं तर मग. बॅगच्या कापडाला आतून पीयूचा पातळ थर आणि बाहेरून पाणी झटकणारं फिनिश दिलेलं असतं. जे फिनिश पाण्याला बसू देत नाही ते रंगालाही बसू देत नाही. ऑइल पेंट काय, जगातलं सर्वांत महागडं पीयू आणलं असतं तरी सालासारखं निघालं असतं. लष्करकर यांचं नायलॉनच्या गुळगुळीतपणाबद्दलचं म्हणणं खरं आहे, पण पातळ पहिला हात विणीत शिरला तर नायलॉनलासुद्धा लेप चांगला धरतो. तुमच्या कापडात शिरायला वाटच बंद होती.

हे फिनिश साबणाने, सोड्याने जात नाही. भट्टीवर भाजून पक्कं केलेलं असतं. नवं कापड घ्यावं लागेल, मला वाईट वाटतं सांगताना. सुरतेत 'ग्रे' कापड मागा. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं, प्रोसेसला न गेलेलं. त्यावर विणकामाची खळ आणि तेल असतं. ते कोमट पाण्यात साबण आणि थोडा धुण्याचा सोडा घालून काढा, दोनदा स्वच्छ पाण्यात खंगाळा. मग पुन्हा थेंब टाका. थेंब पसरून आत जिरला तरच पुढे जा.

सियागंजवाला | ६ नोव्हेंबर

काका, दंडवत. दुकानात इतकी वर्षं रंग सुटल्याच्या तक्रारी ऐकतोय, आम्ही दर वेळी रंगालाच दोष देतो.

रोजमजूर_इंजिनिअर | ६ नोव्हेंबर

मग नायलॉनच का? पॉलिस्टर घ्या ना. सुरत म्हणजे पॉलिस्टरचं माहेर. इस्त्रीने आकसतं, म्हणजे ताणायची कटकट नाही, आणि पाणी पीत नाही.

कलाभवनी | ७ नोव्हेंबर

मुद्दा चांगला आहे. नायलॉन नुसत्या हवेतूनच स्वतःच्या वजनाच्या चारेक टक्के ओलावा घेतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. ओलावा घेतला की नायलॉन लांबतं, म्हणून पावसाळ्यात नायलॉनची कातडी सैल पडते आणि डिसेंबरात तंगते. पॉलिस्टर बारा महिने एकसारखं राहतं.

पण इस्त्रीने आकसणारं पॉलिस्टर वेगळं. विमानाच्या पंखांवर जे वापरतात त्याला साधारण १२० पासून १७५ अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने तापवून ताणतात. बाजारात मिळणारं तयार पॉलिस्टर स्टेंटर मशिनवर आधीच तापवून कायम केलेलं असतं. त्याला इस्त्री फिरवून काही होत नाही. पॉलिस्टर घेणार असाल तर तेही ग्रेच घ्या.

दोन्हींतला मोठा फरक मार खाण्यात. गोट्यावर घासलं गेलं तर नायलॉन ताण खाऊन सोडून देतं, पॉलिस्टर कमी ताणतं म्हणून फाटायची शक्यता जास्त. तळं असतं तर मी पॉलिस्टर म्हटलं असतं. महीचे गोटे आहेत म्हणून नायलॉन.

देवगडचा | ७ नोव्हेंबर

अवांतर: मूळ कयाक ग्रीनलंडकडच्या लोकांची ना? त्यांनी कुठे नायलॉन आणलं होतं.

लष्करकर | ७ नोव्हेंबर

सीलचं कातडं. शिवण अशी घालायचे की सुई कातड्याच्या आरपार जात नसे, अर्ध्या जाडीतूनच फिरवायची, म्हणजे भोकच पडत नाही. आणि वरून चरबी चोळायची. ठरावीक दिवसांनी नाव पाण्याबाहेर काढून वाळवणं भाग होतं, नाहीतर कातडं कुजलं.

आपल्याकडेही आहेच की. तुंगभद्रेतल्या आणि कावेरीतल्या बांबूच्या गोल टोपल्या, हंपीला गेलेल्यांनी पाहिल्या असतील. त्यांनाही पूर्वी जनावराचं कातडंच असायचं. आता प्लॅस्टिकचं कापड आणि वर डांबर.

दांडियाबाजार | ७ नोव्हेंबर

मग डांबरच का नको? माझं ॲक्रिलिक सियागंजवाल्यांनी बाद केलं, ते मान्य. डांबर तर पाण्यातच राहतं, आणि शेकडो माणसं रोज नदी ओलांडतात त्यात बसून.

सियागंजवाला | ७ नोव्हेंबर

टोपलीला चालतं कारण ती जाड आहे, वाकत नाही, आणि दर हंगामात पुन्हा डांबर फासतात. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. उन्हात ठेवलेल्या डांबरी नावेला हात लावून बघा, मग तो हात रॉकेलने धुवा. हलकी कयाक गाडीच्या टपावर बांधून न्यायची असते, टपावर काय उरेल विचार करा.

पतंगबाज | ७ नोव्हेंबर

टपावर कयाकचा ठसा, कायमचा.

महीकाठ | ९ नोव्हेंबर

काल सुरतेला जाऊन आलो. ग्रे नायलॉन मागितल्यावर व्यापाऱ्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पिशवीकडे बघितलं. १० मीटर काय करणार म्हणून. कयाकचं सांगितल्यावर चहा पाजला आणि ताक्याच्या शेवटचा तुकडा काढून दिला. पिवळट, कडक, हाताला मेणासारखं लागतं. आज मोरीत धुतलं. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं निघालं, दुसरं जरा निवळ. तिसऱ्यांदा खंगाळल्यावर थेंब टाकला. दोन सेकंदांत पसरून गेला.

काका, मनापासून आभार. आता लेपाचं बोलूया.

जुन्या ८ मीटरचं काय करावं तेही सुचवा.

सुईदोरा | ९ नोव्हेंबर

जुन्याचा बसायच्या भोकावरचा पडदा शीव, कमरेभोवती इलॅस्टिक घालून. उरलेल्याच्या सामानाच्या पिशव्या. बॅगचंच कापड आहे ते.

आणि लेपाचं म्हणशील तर वाद घालत बसण्यापेक्षा बघून घे. भरतकामाच्या गोल रिंगा मिळतात, मंगळ बाजारात हव्या त्या मापाच्या. चार-पाच रिंगांत धुतलेलं कापड ताणून बसव, प्रत्येकाला वेगळा लेप लाव. वाळल्यावर उलटी करून वाटीसारखं पाणी भर. कुठलं झिरपतं ते दोन दिवसांत कळेल. कापड सैल पडतं का तेही बोटाने टिचकी मारून कळतं, भरतकाम करणाऱ्या बाईला तो आवाज ओळखीचा असतो.

कलाभवनी | ९ नोव्हेंबर

ताई, प्रयोगशाळेत आम्ही याहून वेगळं काही करत नव्हतो. उत्तम.

दोनडबे | १० नोव्हेंबर

इतके दिवस नुसता वाचत होतो. मी मकरपुऱ्याला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, पीयू माझ्या रोजच्या हातातलं आहे म्हणून लिहितो.

पीयू म्हणजे एक वस्तू नाही. फर्निचरवर मारतात ते पीयू काचेसारखं कडक होतं, कापड वाकलं की तडकेल. गाडीच्या प्लॅस्टिक बंपरवर मारताना आम्ही क्लियरमध्ये (वरच्या पारदर्शक थरात) लवचीकपणाचं वेगळं द्रावण मिसळतो, नाहीतर बंपर दाबला की रंग तडकतो. तुम्हाला तशा जातीचं लवचीक पीयू हवं. उन्हात पिवळं पडणारं आणि न पडणारं असेही दोन प्रकार आहेत. डब्यावर 'ॲलिफॅटिक' लिहिलेलं मागा, ते उन्हाला टिकतं.

थिनर पीयूचाच घ्या. दुकानदार साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा) थिनर हातात ठेवतो, स्वस्त पडतो म्हणून. मला एका दुकानातून तोच मिळाला होता. एनसी थिनरमध्ये अल्कोहोल असतं, ते हार्डनरलाच, म्हणजे लेप घट्ट करणाऱ्या दुसऱ्या डब्यातल्या द्रावणालाच, खातं. अख्खं बॉनेट आठ दिवस चिकट राहिलं, खरवडून काढावं लागलं. ब्रशसुद्धा स्पिरिटमध्ये बुडवून लगेच वापरू नका.

हार्डनर ओलाव्यालाही तसाच खातो, त्यातून गॅस सुटतो आणि लेपात बारीक बुडबुडे येतात. पावसाळ्यात हे काम करूच नये. आत्ता नोव्हेंबर आहे, उत्तरायणापर्यंत हवा कोरडी मिळेल. सकाळी दव उडाल्यावर सुरू करा, दुपारी चारच्या आत संपवा.

पहिला हात अगदी पातळ, लांबी (पुट्टी) ओढतो त्या रबरी पट्टीने दाबून विणीत घालायचा. तो चिकट असतानाच, बोट लावलं तर ठसा उमटेल पण बोटाला लागणार नाही अशा वेळी दुसरा हात. मग दोन्ही एकजीव होतात. रात्रभर वाळू दिला तर पॉलिश पेपर मारावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल बांधून किंवा कापडी मास्क लावून काही उपयोग नाही. कोळशाचे डबे लागतात तो रबरी मास्क घ्या, हातमोजे घाला, गच्चीवर मोकळ्या हवेत काम करा, आणि फवारणी अजिबात करू नका, ब्रश किंवा रोलरच. माझ्या वडिलांनी वीस वर्षं मास्कशिवाय फवारलं. आता शेजारच्या शेडमध्ये कोणी डबा उघडला तरी त्यांचा दमा उसळतो. एकदा शरीराने धसका घेतला की तो जात नाही.

लष्करकर | १० नोव्हेंबर

दोनडबे, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. असं कोणी सांगत नाही, डब्यावर बारीक अक्षरात असतं ते वाचलं जात नाही.

रोजमजूर_इंजिनिअर | १० नोव्हेंबर

एपॉक्सीचं कोणीच बोललं नाही. मजबूत असतं.

दोनडबे | १० नोव्हेंबर

मजबूत आहे, पण कडक. खाली फायबरचं जाड बूड असेल तर ठीक. इथे दोन फासळ्यांच्या मध्ये नुसतं कापड आहे, ते श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होतं. उन्हातही एपॉक्सी एकटं टिकत नाही, वर दुसरा लेप लागतोच.

सुईदोरा | ११ नोव्हेंबर

महीकाठ, मास्क घेतल्याशिवाय डबा उघडू नकोस. ही मोठ्या बहिणीची ताकीद समज.

महीकाठ | २७ नोव्हेंबर

ताई, मास्क घेतला, मगच डबा उघडला.

पाच रिंगांचा निकाल. पाचही गॅलरीत ओळीने टांगल्या होत्या, खालच्या काकूंनी विचारलं नातवाचं बारसं आहे का.

गच्चीचं ॲक्रिलिक: पहिल्या दिवशी थेंब नाही. चौथ्या दिवशी लेप भिजून चिकट झाला, बोटाने चोळला तर वळी निघाली. ऑइल पेंट: धुतलेल्या कापडावर छान धरला, म्हणजे काकांचं निदान शंभर टक्के खरं. पण कापड मुठीत दहा-बारा वेळा चुरगाळल्यावर पांढऱ्या रेघा उठल्या आणि त्या रेघांतून पाणी झिरपलं. बेलतेल आणि इनॅमल: अजून वाळतंय, हाताला चिकटतं. थंडीत वेळ लागेल. फडकं पाण्याच्या बादलीत आहे. फर्निचरचं पीयू: चुरगाळल्यावर चर्र आवाज करून तडकलं. लवचीक पीयू, तीन पातळ हात: चुरगाळून, घडी घालून, पाणी भरून ठेवलं, आज सोळावा दिवस, खालची बाजू कोरडी.

मग महीची ओली रेती आणली आणि गोट्याने प्रत्येकावर पन्नास वेळा घासलं. लवचीक पीयूची चकाकी गेली, धागा मात्र दिसला नाही. ऑइल पेंटखालचा धागा विसाव्या घासण्यालाच दिसला.

दांडियाबाजार | २७ नोव्हेंबर

माझं ॲक्रिलिक चार दिवसांत गेलं. इतकं नीट करून दाखवलंस म्हणून पटलं. आमच्या गच्चीच्या मोरीजवळ पाणी तुंबतं, ती जागा उद्या बघतो.

लष्करकर | २८ नोव्हेंबर

ऑइल पेंटला अगदीच टाकून देऊ नका. ज्याला पीयूचा धोका पत्करायचा नाही, घरात लहान मूल आहे, त्याने सुती कॅनव्हास आणि इनॅमल करावं. वजन वाढेल, दर दोन वर्षांनी हात मारावा लागेल. पण रात्री झोप शांत लागते.

दोनडबे | २८ नोव्हेंबर

लष्करकरांशी सहमत. मी स्वतःच्या मुलासाठी बांधली तर तेच करीन.

कलाभवनी | २८ नोव्हेंबर

महीकाठ, कापड चढवताना गरम पाण्यात भिजवून, ओलं असतानाच ओढून शिवा. ओलं नायलॉन लांबलेलं असतं, वाळताना स्वतःहून तंगेल. दोन दिवस पूर्ण वाळू द्या, मगच लेप. आत ओल राहिली तर दोनडबे यांनी सांगितलेले बुडबुडे येतील.

महीकाठ | १९ जानेवारी

उत्तरायणाच्या आधी लेप पुरा झाला. शिवण वरच्या बाजूला मधोमध एकच ठेवली, सुईदोरा ताईंनी व्हिडिओ कॉलवर टाके बघून दोन ठिकाणी उसवायला लावली. ओलं कापड शिवताना झोळीसारखं लोंबत होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो आणि टिचकी मारली, तबल्यासारखं वाजलं. एकूण चार हात बसले, बुडाला पाचवा. एका जागी, डाव्या बाजूला, नाण्याएवढ्या भागात बुडबुडे आले. त्या दिवशी साडेचारपर्यंत काम रेटलं होतं. तेवढं घासून पुन्हा भरलं.

काल सकाळी सिंधरोटला नेली. आधी गावातल्या नावाड्यांना विचारलं, त्यांनी कुठून कुठपर्यंत जायचं ते दाखवलं, लाइफ जॅकेट अंगात होतंच. लेपातून सकाळचं ऊन आत येतं हे कोणी सांगितलं नव्हतं. सगळी नाव आतून मधाच्या रंगाची दिसते, आणि फासळ्यांच्या पलीकडे पाणी सरकताना दिसतं. दीड तास होतो. परत आल्यावर आत हात फिरवला, कोरडी होती.

सुईदोरा | १९ जानेवारी

टिपूस आलं डोळ्यांत. फोटो कुठाय?

देवगडचा | १९ जानेवारी

पहिल्या दिवसापासून मागतोय फोटो!

सियागंजवाला | २० जानेवारी

अभिनंदन भाऊ. आता मला सांगा, ते लवचीक पीयू किती लिटर लागलं? चोरल धरणाला न्यायला एक बांधावी म्हणतो. ताडपत्रीची नाही.